शब्दचर्चा : ‘काई’, ‘कस्टम’ आणि ‘मार्क-टू’

प्रश्न

गंडम या जपानी ॲनिमेशन मालिकांच्या विश्वातल्या युद्धयंत्रांची मराठी सूची करायला घेतली आहे आणि प्रत्येक वेळी ‘सुधारित’ या एकाच शब्दावर येऊन अडते आहे. झाकू-२ काई म्हणजे सुधारित झाकू. जिम कस्टम म्हणजे सुधारित जिम. गंडम मार्क-टू म्हणजे पुन्हा सुधारित गंडम. मूळ नावं तीन निरनिराळ्या गोष्टी सांगत असावीत आणि मराठीत त्यांचा फरकच उरत नाही. जुनं यंत्र उघडून त्यात नवं काही बसवलं, कारखान्यानं नवा प्रकार काढला, की नाव तेवढं जुनं ठेवून यंत्र मुळापासून नवं घडवलं, हे वाचणाऱ्याला नावावरून कळायला हवं. शब्द सुचवाल का?

प्रतिसाद

शब्दांकडे वळण्याआधी एक गोष्ट. मूळ नावंही तुम्ही समजता तितकी काटेकोर नाहीत, त्यामुळे एका परक्या शब्दाला एक मराठी शब्द असं कोष्टक जमणार नाही.

‘कस्टम’ घ्या. ऐकताना वाटतं, एखाद्या चालकानं स्वतःच्या हाताला बसेल असं यंत्र करून घेतलं असेल. पण जिम कस्टम, म्हणजे आरजीएम-७९एन, हा कारखान्यातूनच निघालेला प्रकार आहे. कसलेल्या चालकांसाठी थोड्या संख्येनं बनवलेला, एवढंच. जिम कस्टम ज्या कथेत आहे, तिच्यातच जिम काईही आहे, आरजीएम-७९सी. तोही कारखान्याचाच. दोघांत फरक आहे तो कोणासाठी बनवलं याचा. काई सर्वसाधारण तुकड्यांसाठी, कस्टम निवडक लोकांसाठी.

‘काई’ हे जपानी अक्षर म्हणजे बदलणं, सुधारणं. कारखान्यांतून आपल्याकडे आलेल्या ‘कायझेन’मधलं पहिलं अक्षर तेच. जपानी नौदलाची विमानं तशी नावं घेऊन उडालेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातलं शिदेन आणि त्यानंतरचं शिदेन-काई पाहा. पंख धडाच्या मध्यावरून खाली आणले, चाकांचे लांब पाय आखूड झाले, बांधणी सोपी केली. इतकं बदलूनही नाव शिदेनच राहिलं, मागे फक्त काई लागलं. गंडमच्या नावांमागे ही सवय आहे. १९८९च्या मालिकेतला झाकू-२ काई, एमएस-०६एफझेड, हाही तसाच. सुटे भाग आणि चालककक्ष सगळ्या यंत्रांत सारखे असावेत अशी योजना कथेतल्या युद्धाच्या काळात आखली गेली, तिच्यातून आलेला झाकूचा हा शेवटचा प्रकार.

मार्क-टूची गोष्ट निराळी. त्यात, म्हणजे आरएक्स-१७८ मध्ये, पहिल्या गंडमचा, आरएक्स-७८चा, सांगाडासुद्धा नाही. चेहरा आणि नाव घेतलं, आतली रचना नवी. याला ‘सुधारित’ म्हटलं तर अर्थच चुकतो.

आणि आरएक्स-७८-२ मधल्या शेवटच्या दोनला आवृत्ती समजू नका. तो त्या मालिकेतल्या दुसऱ्या यंत्राचा क्रमांक आहे.

माझी सूचना अशी : काईला ‘सुधारित’ राहू द्या, कस्टमला ‘खास’ म्हणा, मार्क-टूला ‘दुसरा’. सुधारित झाकू, खास जिम, दुसरा गंडम.

प्रतिसाद

‘दुसरा गंडम’ वाचून ‘आणखी एक गंडम’ असंच वाटेल. मात्र मराठीत नावं पुढे चालवायची जुनी रीत आहे, तिचा उपयोग का करू नये? थोरले बाजीराव, दुसरे बाजीराव. थोरले माधवराव, सवाई माधवराव. सवाई म्हणजे सव्वापट. ‘सवाई झाकू’ म्हटलं की पहिल्यापेक्षा चढ आहे हे लगेच कळतं.

‘थोरला’ तर इथे चपखल बसतो. थोरल्या बाजीरावांना हयातीत कोणी थोरले म्हणत नव्हतं. दुसरे झाले म्हणून पहिले थोरले झाले. झाकू-१चं, म्हणजे एमएस-०५चं, तसंच आहे. झाकू-२, म्हणजे एमएस-०६, आल्यावर सैनिक झाकू-१ला ‘क्यू-झाकू’, म्हणजे जुना झाकू म्हणू लागले आणि नुसतं ‘झाकू’ हे नाव धाकट्याकडे गेलं.

प्रतिसाद

थोरला आवडला, पण त्यात मान आहे. ‘क्यू’मध्ये तो नाही. मागे पडलेलं, दुय्यम कामांना लावलेलं यंत्र आहे ते. ‘जुना झाकू’च बरोबर.

सवाईला माझा विरोध अधिक ठाम आहे. ती पदवी आहे, कौतुकानं दिलेली. सैन्याची नावं कौतुक करत नाहीत, नोंद करतात. शिवाय प्रत्येक बदल चढता नसतो. एमएस-०६जे हा जमिनीवर लढायचा झाकू. अंतराळात लागणारी साधनं त्यातून काढून टाकली आहेत. तो सव्वाही नाही आणि पाऊणही नाही, कामापुरता वेगळा आहे. अशांसाठी ‘प्रकार’ हा साधा शब्द पुरे : जमिनी प्रकार, तुकडीच्या प्रमुखासाठीचा तो नायक प्रकार. लाल झाकू, एमएस-०६एस, हा नायक प्रकार.

एक शब्द मात्र कोणीच सुचवला नाही : ‘फेरबांधणी’. जिम-२ मधली कितीतरी यंत्रं म्हणजे युद्धातून उरलेल्या जिमच. त्याच धडांवर नवी साधनं चढवली. पुढे जिम-२वरून जिम-३ झाल्या त्याही तशाच. अंकावरून हे कळत नाही, कारण झाकू-१ आणि झाकू-२ मध्ये तोच अंक नवं यंत्र दाखवतो. तेव्हा अंक मूळ नावात आहे तसा ठेवा आणि नोंदीत पुढे ‘फेरबांधणी’ किंवा ‘नवी घडण’ असं लिहा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला नावापेक्षा पुढे जोडलेल्या या शब्दात दिसतं.

प्रश्नकर्ती

हे पटलं. नावं उच्चारानुसार तशीच ठेवते आणि प्रत्येक नोंदीत त्यापुढे एक मराठी शब्द देते : फेरबांधणी, नवा प्रकार, खास प्रकार, नवी घडण. झाकू-२ काई : नवा प्रकार. जिम कस्टम : खास प्रकार. गंडम मार्क-टू : नवी घडण. ‘काई’च लिहीन, कारण कायझेनच्या धर्तीवर ‘झाकू-२ काय’ लिहिलं तर मराठीत तो प्रश्न होतो.

आता री-जीझेड या यंत्रापाशी थांबले आहे. नावातला ‘री’ म्हणजे ‘परिष्कृत’, आणि मूळ झेटा या गंडमचं रूप बदलण्याचं अवघड तंत्र काढून ते सोपं आणि स्वस्त केलेलं यंत्र आहे. परिष्कृत म्हणावं तर मराठी वाचक भर घातली असं समजेल, आणि इथे तर वजा केलं आहे. ‘सुटसुटीत झेटा’ कसं वाटतं?