शेजार हा आरोग्याचाच विषय आहे

एकटे राहणे ही ज्याच्या त्याच्या स्वभावाची बाब असून तिचा आरोग्याशी संबंध जोडू नये, हे मत मला पटत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचे, म्हणजे तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे, एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा भक्कम सामाजिक संबंध असलेल्यांची अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. आजारी माणूस आपोआपच एकटा पडतो, ही शंका रास्त आहे. परंतु सुरुवातीची प्रकृती कशीही असली, तरी हा कल कायम राहिला.

माझ्या सासूबाई गिरगावातील चाळीच्या पुनर्विकासानंतर बाराव्या मजल्यावर राहायला गेल्या. घरातच संडास मिळणे ही त्यांच्या वयात लहान गोष्ट नव्हे, आणि चाळीचे गोडवे गाताना हे विसरू नये. मात्र गॅलरीत तांदूळ निवडत बसले की येणारा-जाणारा विचारपूस करी, सकाळी दार उघडले नाही तर शेजारीण कडी वाजवी, आणि यातले काहीही कोणाला ठरवून करावे लागत नसे. आता लॅचच्या दाराआड दुपार कशी सरली, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. म्हणूनच नकाशे मंजूर होण्यापूर्वी रहिवाशांनी वाढीव चौरस फुटांइतक्याच आग्रहाने प्रत्येक मजल्यावर उजेडाची, बसता येईल अशी सामाईक जागा मागावी.