स्नोमोबिल: सीझनचं परमिट १ नोव्हेंबरच्या आत घ्यावं का?

नीलेश, ब्रॅम्प्टन

नमस्कार मंडळी,

कोजागिरीला मसाला दुधाच्या रांगेत उभं असताना जो विषय निघाला होता तो इथे लिहितोय म्हणजे सगळ्यांना कळेल आणि ज्यांना अनुभव आहे ते सांगतील. मी आणि माझ्या मावसभावाने मिळून उन्हाळ्यात दोन जुन्या स्लेड, म्हणजे स्नोमोबिल, बर्फावर चालणाऱ्या गाड्या घेतल्या, एक २०११ ची आणि एक १९९८ ची, दोन्ही चालू आहेत, ट्रेलर पण त्यातच मिळाला. आता हिवाळ्यात तीन ट्रिपा डोक्यात आहेत. जानेवारीत हॅलिबर्टन, मग फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या लाँग वीकेंडला मस्कोका किंवा पॅरी साउंडकडे, आणि मार्चमध्ये जमलं तर पार वर कॉकरेनला. तिसरीचं नक्की नाही कारण कारने आठ तास तरी लागतील.

प्रश्न परमिटचा आहे. ओएफएससी, म्हणजे ऑन्टारिओतल्या स्नोमोबिल क्लबांचा महासंघ, त्यांच्या ट्रेलवर (आखलेल्या वाटांवर) जायचं तर परमिट लागतंच हे माहितीये. १ नोव्हेंबरपर्यंत सगळ्यात स्वस्त, मग १ डिसेंबरपर्यंत मधला भाव, त्यानंतर पूर्ण. किंवा मग ट्रिपेपुरतं थोड्या दिवसांचं घ्यायचं. बायको म्हणते बर्फ पडेल की नाही माहीत नसताना ऑक्टोबरात पैसे कशाला भरायचे, आणि तिचं म्हणणं मला पटतं पण. एक परमिट दोन्ही गाड्यांना चालेल का हेही विचारायचं होतं, कारण कधी कधी एकच गाडी बाहेर काढू.

नीलेश

संदीप, ऑटवा

नीलेश, मी तरी थांबेन. २०२२-२३ ला आमचा रिडो कॅनॉल अख्ख्या सीझनमध्ये एक दिवस पण स्केटिंगला उघडला नाही, असं पहिल्यांदाच झालं, आणि त्याच्या पुढचा २०२३-२४ चा हिवाळा तर कॅनडातला आजवर नोंदलेला सगळ्यात उबदार. त्या वर्षी माझ्या ऑफिसातल्या एकाने आगाऊ परमिट घेतलं होतं, स्लेड गॅरेजमधून बाहेरच आली नाही, आणि बर्फ नाही पडला म्हणून पैसे परत मिळत नाहीत. आम्हाला इथून नदी ओलांडली की क्वेबेक, तिकडच्या ट्रेल सुंदर आहेत पण तिकडचं परमिट वेगळं, ऑन्टारिओचं तिथे चालत नाही. तेव्हा तुम्ही आधी कुठे जाणार ते पक्कं करा, पैसे नंतर भरा.

अविनाशकाका, हंट्सविल

नीलेश, संदीप, आणि सगळेच,

उत्तर द्यायला दोन दिवस लागले कारण शनिवार-रविवार ट्रेलवरच होतो, झाडं कापायला. त्याबद्दल खाली लिहितो.

आधी सोपे प्रश्न. एक परमिट दोन गाड्यांना चालत नाही. परमिट माणसाचं नसतं, गाडीचं असतं, घेताना गाडीचा नंबर टाकावा लागतो आणि पोस्टाने येणारा स्टिकर त्याच गाडीला चिकटवायचा. तुझ्या १९९८ च्या गाडीला मात्र क्लासिक परमिट मिळेल, १९९९ किंवा त्याआधीच्या मॉडेलला असतं आणि ते साध्यापेक्षा स्वस्त पडतं, बरेच लोक हे विसरतात आणि पूर्ण पैसे भरून बसतात. आणि परमिट म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे, ते सर्व्हिस ऑन्टारिओ या सरकारी ऑफिसात वेगळं करायचं असतं, गाडी घेतल्यापासून सहा दिवसांत करायला हवं होतं, झालंय ना? इन्शुरन्स पण वेगळा, कारच्या पॉलिसीत स्लेड आपोआप येत नाही. तिन्ही कागद जवळ हवेत, ट्रेलवर पोलीस आणि वॉर्डन दोघेही थांबवून बघतात.

आता सीझनचं की थोड्या दिवसांचं. थोड्या दिवसांचं परमिट सलग दिवसांसाठी असतं, म्हणजे हॅलिबर्टनसाठी एक, फॅमिली डेसाठी दुसरं आणि कॉकरेनसाठी तिसरं. एकच वीकेंड जायचं असेल तर संदीपचं बरोबर आहे, त्या आठवड्यात नकाशा बघून घ्यावं. पण दोन ट्रिपा नक्की असतील तर हिशेब फिरतो आणि तीन असतील तर विचारच करू नये. दर दरवर्षी थोडे वरखाली होतात म्हणून आकडा इथे देत नाही, साइटवर आजचे आहेत, कागदावर मांडून बघ.

बर्फ नाही पडला तर काय, हा संदीपचा प्रश्न खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. २०२३-२४ ला आमच्याकडे पण वाईट होतं. पण सीझनचं परमिट सगळ्या प्रांताला चालतं, हॅलिबर्टनपुरतं नसतं. तेव्हा ट्रीप जागेवर बांधू नका, बर्फावर बांधा. ओएफएससीचा ऑनलाइन नकाशा आहे त्यात हिरवी ट्रेल म्हणजे उघडी, पिवळी म्हणजे मर्यादित, लाल म्हणजे बंद. गुरुवारी रात्री तो बघायचा आणि मग ठरवायचं की हॅलिबर्टन की नॉर्थ बे की मट्टावा. नॉर्थ बे तुला ब्रॅम्प्टनहून चार तास, कॉकरेनच्या निम्मं. ज्यांनी हॉटेल आधी बुक केलं ते लाल ट्रेल बघत खोलीत बसतात. लाल म्हणजे लाल, परमिट असलं तरी जायचं नाही. पिवळ्यावर जाता येतं पण तिथे उघडी जमीन, दगड, पाणी सगळं भेटू शकतं, नवशिक्यांनी टाळावं.

आता झाडांबद्दल, कारण मला खरं बोलायचंय ते हे. आम्ही क्लबचे लोक सप्टेंबरपासून कामाला लागतो. वाऱ्याने पडलेली झाडं कापायची, लाकडी पुलांच्या कुजलेल्या फळ्या बदलायच्या, पाट्या ठोकायच्या. हे सगळे लोक फुकट काम करतात, त्यात सत्तरी ओलांडलेले पण आहेत. मग बर्फ पडला की ग्रूमर, म्हणजे ट्रेल सपाट करणारं ते मोठं यंत्र, बहुतेक रात्री चालवतात कारण रात्री थंडी जास्त असते आणि दाबलेला बर्फ घट्ट बसायला काही तास शांतता लागते. सकाळी आठला तुम्ही ज्या गुळगुळीत रस्त्यावरून जाता तो रात्री दोन वाजता कोणीतरी केलेला असतो. त्या यंत्राचं डिझेल, दुरुस्ती, ट्रेलचा विमा, हे सगळं मुख्यतः परमिटच्या पैशातून. बर्फ कमी पडला म्हणून पूल कमी कुजत नाही.

आणि ट्रेल कुणाच्या जमिनीवरून जातात माहितीये का, बऱ्याचशा खाजगी जमिनीवरून, शेतकऱ्यांच्या, कॉटेजवाल्यांच्या, त्यांनी मनात आणलं म्हणून. भाडं नाही काही नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या इथे एका शेताच्या कडेने जाणाऱ्या ट्रेलवरून पाचसहा जण उतरले आणि मोकळं शेत दिसलं म्हणून मधून गोल गोल फिरवल्या गाड्या. खाली हिवाळी गहू पेरलेला होता. तो माणूस पंधरा वर्षं आम्हाला वाट देत होता, त्याने एप्रिलमध्ये फोन करून सांगितलं की पुढच्या वर्षी नाही. मी आणि आमचा अध्यक्ष दोनदा जाऊन त्याच्या स्वयंपाकघरात बसलो, चहा दिला त्याने, आवाज पण चढवला नाही, पण नाही म्हणाला ते नाहीच. आता त्या जागी अकरा किलोमीटरचा वळसा आहे. मला अजून वाईट वाटतं त्याचं. तेव्हा आपल्या मंडळातलं कोणीही जाईल त्याने ट्रेल सोडायची नाही, फोटोसाठी पण नाही, एवढं माझं ऐका.

अविनाशकाका

मेधा, मिसिसागा

काका, तुमचा मेल मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला, शेतकऱ्याचं ऐकून सासूबाई पण हळहळल्या, आमचं पण शेत आहे वाईला.

माझा प्रश्न, अर्णव तेरा वर्षांचा आहे, तो मागे बसू शकतो का आणि स्वतः चालवू शकतो का? तो महिनाभर मागे लागलाय. आणि आमच्याकडे गाडी नाही, भाड्याने घेतली तर परमिट आम्ही काढायचं का? आणि तळ्यावरून जावं लागतं का, मला त्या एका गोष्टीची फार भीती वाटते.

अविनाशकाका, हंट्सविल

मेधा, मागे नक्की बसू शकतो, फक्त हेल्मेट त्याच्या मापाचं हवं, मोठ्यांचं रुमाल घालून घट्ट केलेलं चालणार नाही, आणि पाय पायठ्यावर टेकले पाहिजेत. स्वतः चालवायला ऑन्टारिओत १२ पूर्ण लागतात आणि स्नोमोबिलचा वेगळा ऑपरेटर लायसन्स, त्यासाठी कोर्स असतो, क्लब घेतात. तो झाला तरी सोळापर्यंत सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्ता ओलांडून चालवता येत नाही, आणि ट्रेल कुठे ना कुठे रस्ता ओलांडतेच. सोळाच्या पुढे कारचा लायसन्स पण चालतो. माझं मत, या वर्षी त्याला मागे बसव आणि कोर्स करू दे, कोर्समध्ये हाताच्या खुणा शिकवतात त्या फार कामाच्या असतात. डावा हात सरळ वर म्हणजे थांबतोय, अंगठा खांद्यावरून मागे म्हणजे माझ्यामागे अजून गाड्या आहेत, मूठ वर म्हणजे मी शेवटचा. समोरून येणाऱ्याला वळणावर या खुणेने कळतं की रस्ता मोकळा झाला की नाही.

भाड्याच्या गाडीला परमिट सहसा दुकानदाराचंच असतं, पण फोनवर विचारून घे आणि गाडी हातात घेताना स्टिकर डोळ्याने बघ. लायसन्स, वय, डिपॉझिट यांच्या त्यांच्या अटी कायद्यापेक्षा कडक असतात. तुम्हाला एकच वीकेंड जायचंय तर तुम्ही भाड्यानेच जा, परमिटच्या भानगडीत पडूच नका.

तळ्याची भीती बरोबर आहे, ती जाऊ देऊ नकोस. मी एकवीस वर्षं चालवतोय आणि माझा नियम एकच, क्लबने खांब रोवून आखलेली वाट उघडी असेल तरच तळ्यावर, आणि तीसुद्धा दिवसा. बर्फाचा थर जाड आहे हे वरून कळत नाही, जिथे प्रवाह आत येतो, जिथे दोन तळी जोडलेली असतात, पुलाखाली, तिथे कडाक्याच्या थंडीत पण पातळ राहतो. पांढरट बर्फ स्वच्छ निळसर बर्फाच्या निम्मा मजबूत धरायचा. आपल्या पहिल्या ट्रिपेला मी तळं नसलेलीच वाट घेईन. पॅरी साउंडकडे सेग्विन ट्रेल आहे, १८९० च्या दशकात जे. आर. बूथ या लाकूड व्यापाऱ्याने टाकलेल्या रेल्वेचा जुना मार्ग, रूळ केव्हाच उखडलेत. रेल्वेचा रस्ता असल्यामुळे चढ-उतार फार नाहीत, नवीन माणसाला याहून चांगली शाळा नाही.

वेग ताशी ५० च्या वर नाही, कायदाच आहे. नवीन लोकांनी दिवसाला ८०-१०० किलोमीटर पुरे, वेगाचा खटका (थ्रॉटल) अंगठ्याने दाबावा लागतो, त्याने अंगठा दुखतो. आतून सुती काही घालू नका, घाम आला की ते ओलं राहतं आणि थांबल्यावर थंडी हाडात शिरते. चष्मा असेल तर हेल्मेटची काच दुपदरी घ्या.

संदीप, ऑटवा

काका, मी माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. मी फक्त ऑटवाचं बघत होतो, प्रांतभर चालतं हे लक्षात आलं नव्हतं, आणि पूल वगैरे तर डोक्यातच नव्हतं. पण ज्याला एकदाच जायचंय त्याने थांबावं हे माझं अजून कायम आहे.

मंडळातले कोणी क्वेबेककडे आले तर व्हालकूरला जाऊन या, बोंबार्डिएचं म्युझियम आहे. १९३४ च्या हिवाळ्यात जोझेफ-आर्मां बोंबार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने गेला, रस्ते बर्फाने बंद होते, हॉस्पिटल गाठता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीवर ते आधीपासून प्रयोग करतच होते पण त्यानंतर पेटून उठले, आणि १९५९ ला त्यांची स्की-डू ही स्नोमोबिल बाजारात आली. आपण मजेसाठी चालवतो ती गाडी एका बापाच्या या दुःखातून पुढे गेली हे तिथे उभं राहिल्यावर फार जाणवतं.

नीलेश, ब्रॅम्प्टन

काका, काल रात्री जेवणानंतर दोघांनी बसून कागदावर मांडलं. दोन ट्रिपा नक्की आहेत, सलग दिवसांची दोन परमिटं आणि सीझनचं लवकरच्या भावातलं यात फरक इतका थोडा निघाला की तिसरी ट्रीप झालीच तर ती जवळपास फुकट पडते. २०११ ला सीझनचं, १९९८ ला क्लासिक, दोन्ही घेतली आत्ताच. बायकोनेच कार्ड काढून दिलं, म्हणाली त्या रात्री दोन वाजता यंत्र चालवणाऱ्या माणसाला जाऊ देत पैसे. फॉर्ममध्ये क्लब निवडायचा होता, मी तुमचा निवडलाय. रजिस्ट्रेशन झालंय, इन्शुरन्स स्लेडचा नव्हता, तो उद्या करतो, बरं झालं विचारलंत. स्टिकर येईपर्यंत तात्पुरतं परमिट छापून ठेवलंय.

हॅलिबर्टनचं हॉटेल कॅन्सल केलं. आता गुरुवारी रात्री नकाशा बघूनच.

ती सप्टेंबर-ऑक्टोबरची कामं, झाडं कापायची, त्यात मी आणि मावसभाऊ येऊ शकतो का? चेनसॉ चालवता येत नाही पण फांद्या ओढू.

अविनाशकाका, हंट्सविल

फांद्या ओढणारेच कमी पडतात रे. या शनिवारी ये, सकाळी आठला माझ्या घरी, तुझ्या काकू पोहे करतील. जाड हातमोजे आण, बूट पाणी न शिरणारे. दोन पुलांच्या फळ्या बदलायच्यात, तुम्ही दोघं आलात तर दुपारपर्यंत होतील.

मेधा, अर्णवला पण पाठव, त्याला पाट्या ठोकायला देतो. आणि फॅमिली डेला थालीपिठाची जबाबदारी तुझी, स्लेडच्या सायलेन्सरवर (मफलरवर) बसवायचा डबा आहे माझ्याकडे, फॉइलमध्ये गुंडाळून ठेवली की तीस किलोमीटरला गरम होतात.