रेकॉर्डिंग उतरवताना चुका सुधारू नका, प्लीज

मंदार | शनिवार, रात्री ११:२०

मंडळी,

आपल्या मराठी शाळेतल्या पोरांनी चित्रं बघून सांगितलेल्या बेडकाच्या गोष्टीच्या ड्राइव्हवरच्या फाइल्स आत्ता उघडल्या. पहिल्या तीन ठीक आहेत. चौथीपासून पुढे सगळी पोरं एकदम आकाशवाणीवर बातम्या द्यायला बसल्यासारखी बोलतायत. "मुलगा कुत्र्याला घेऊन जंगलात गेला आणि त्याने बिळात डोकावून पाहिले." मूळ आवाज ऐकला. पोरगा म्हणतो: "मग मुलगा... अं... कुत्राला घेऊन... बॉसमध्ये गेला. आणि तो बघितला आत."

पुण्याहून मदत करणाऱ्या आजींनी सहाव्या फाइलमध्ये तर "साहेबांकडे गेला" असं केलंय. त्यांचा दोष नाही, डचमध्ये रानाला "बॉस" म्हणतात हे त्यांना कुठून माहीत असणार.

कोणी कुठली फाइल उतरवली ते विचारत नाही. पण जे ऐकू येतं तेच लिहा. अडखळणं, डच शब्द, अर्धवट सोडलेलं वाक्य, सगळं. उद्या दुपारी शिक्षकांची बैठक आहे आणि पुढच्या सत्रात काय घ्यायचं ते याच फाइल्सवरून ठरणार आहे. सुधारलेल्या फाइल वाचून एवढंच कळेल की सगळ्यांना सगळं येतं.

मंदार

---

सुधीरकाका | रविवार, सकाळी ६:५०

मंदार,

चार ते नऊ मी उतरवल्या. विचारत नाहीस म्हणतोस, तरी सांगतो. (सहावीत आजींची मदत घेतली होती.)

हा कागद कोणाच्या ना कोणाच्या घरी जाणार, भारतात आजी-आजोबा वाचणार. तिथे "कुत्राला" असं छापलेलं शोभत नाही. दुसरं म्हणजे चुकीचं रूप डोळ्यांपुढे राहिलं की तेच पक्कं होतं, हे मी शाळा सुरू झाल्यापासून वह्या तपासत आलोय म्हणून सांगतो. मागे हस्तलिखिताच्या वेळी हाच वाद झाला होता आणि तेव्हा काय ठरलं ते वैशालीला विचार.

चुका साठवून ठेवायच्या कशाला, हे कोणीतरी नीट समजावून सांगा.

सुधीर

---

वैशाली | रविवार, सकाळी ८:०५

हस्तलिखिताचा विषय आता नको, काका. ते छापायचं होतं, हे छापायचं नाही.

बाकी मंदारशी सहमत. आणि काल हॉलमधला मोठा माईक ज्यांनी नेला त्यांनी तो आज दोनच्या आत परत आणावा. भजनाची मंडळी मला विचारतायत.

---

अनघा | रविवार, सकाळी ९:३०

> चुका साठवून ठेवायच्या कशाला

काका, याचं उत्तर आपल्याच देशात, म्हणजे इथे नेदरलँड्समध्ये नायमेखेनला, चाळीस वर्षांपूर्वी देऊन झालंय. युरोपियन सायन्स फाउंडेशनचा एक मोठा प्रकल्प १९८० च्या दशकात तिथल्या माक्स प्लांक संस्थेतून चालायचा. पाच देशांत कामाला आलेल्या मोठ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड केलं. इथे डच शिकणारे तुर्की आणि अरबी भाषक, इंग्लंडात इंग्रजी शिकणारे पंजाबी आणि इटालियन, असे. चाळीस माणसं, आणि त्यांच्याकडे जवळपास अडीच वर्षं पुन्हा पुन्हा जायचं. एक काम असं होतं की चॅप्लिनच्या 'मॉडर्न टाइम्स'चा कापून जोडलेला तुकडा दाखवायचा आणि काय झालं ते सांगायला लावायचं. आपली बेडकाची चित्रं त्याच जातीची.

उतरवणाऱ्यांनी ते सगळं साफसूफ करून लिहिलं असतं तर हाती काही लागलं नसतं. जसंच्या तसं लिहिलं म्हणून त्या प्रकल्पातल्या वोल्फगांग क्लाइन आणि क्लाइव्ह पर्ड्यू यांना दिसलं की मातृभाषा पंजाबी असो की अरबी, एका टप्प्यावर ही सगळी माणसं जवळजवळ सारख्याच सोप्या रचनेत बोलतात. क्रियापदाला प्रत्यय नाहीत, काळ सांगायचा तो "काल", "मग", "उद्या" असल्या शब्दांनी. काही जण तिथून पुढे गेले, काही तिथेच राहिले.

आता तुमचं "कुत्राला". पोराला "ला" लावायचा हे पक्कं माहीत आहे. कुठे लावायचा तेही माहीत आहे. फक्त त्याआधी "कुत्रा"चं "कुत्र्या" होतं हे त्याला कळलेलं नाही. म्हणजे तीन गोष्टींतल्या दोन येतात. तुम्ही "कुत्र्याला" लिहिलंत की तिन्ही आल्या असं दिसतं, आणि वैशालीताई सामान्यरूप शिकवायचंच सोडून देतील. पिट कॉर्डर हा भाषातज्ज्ञ १९६७ सालीच लिहून गेलाय की चूक हा शिकणाऱ्याच्या डोक्यात कुठला नियम चाललाय त्याचा पुरावा असतो. पुरावा खोडायचा नसतो हो काका.

अनघा

---

शिल्पा | रविवार, सकाळी १०:१५

मला वेगळंच म्हणायचंय. माझ्या लेकीच्या फाइलमध्ये (सातवी) "तो बेडूक शोधून राहिला" याचं "शोधत आहे" केलंय. ती चूक नाहीच! आमच्याकडे नागपूरला असंच बोलतात आणि ती रोज आजीशी व्हिडिओवर असंच बोलते. आज बैठकीत कोणी म्हणालं की हिला चालू वर्तमानकाळ येत नाही, तर मला चालणार नाही.

---

सुधीरकाका | रविवार, सकाळी १०:४०

म्हणजे आता प्रमाण मराठी शिकवायचीच नाही का? प्रत्येकाच्या गावचं वेगळं पुस्तक काढा मग.

---

प्रशांत | रविवार, सकाळी १०:५२

काका, आमच्या कोल्हापूरचं पहिलं काढा. विक्रीची जबाबदारी माझी.

---

निखिल (सचिव) | रविवार, सकाळी ११:१०

मधे बोलतो, माफ करा. ड्राइव्हची लिंक पुण्याला कोणी पाठवली? मुलांचा आवाज ही वैयक्तिक माहिती आहे. इथल्या नियमाप्रमाणे सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि आपल्या फॉर्मवर "शाळेतील शिक्षकांच्या उपयोगासाठी" एवढंच छापलंय. पालकाने उद्या संमती मागे घेतली तर फाइल काढून टाकावी लागेल, ती कोणाकोणाच्या लॅपटॉपवर आहे तेच मला माहीत नाही. लिंक बंद करतोय. ज्यांना हवी त्यांनी मला मेल करा. आजींना माझा नमस्कार सांगा.

फाइलच्या नावात मुलांची नावं आहेत तीही काढा. क्रमांक पुरे.

---

मंदार | रविवार, सकाळी ११:३५

निखिल, नावं काढतो. पण क्रमांकाबरोबर घरची माहिती हवी, नाहीतर शिल्पाताई म्हणतायत तो गोंधळ होणारच.

उदाहरण देतो, मुलं ओळखू येणार नाहीत असं. दोन फाइल्समध्ये "मी चित्र काढलो" आहे. एका घरात बाबा कोल्हापूरचे, तिथे "मी काम केलो" सर्रास चालतं, पोराने बरोब्बर बाबांसारखं उचललंय. दुसऱ्या घरात दोघंही डोंबिवलीचे, "काढलं" म्हणणारे. तिथे पोराने "मी गेलो, मी आलो"वरून स्वतःच नियम बसवलाय. वाक्य तेच. पहिल्याला सांगायचं की लिहिताना "काढलं" लिही, बाबांशी बोलताना काही का बोलेनास. दुसऱ्याला "ने"ची रचना मुळापासून शिकवायला हवी. घर माहीत नसेल तर दोघांना एकच गोळी देणार आपण.

---

अनघा | रविवार, दुपारी १२:०५

बरोबर. शेजारी बेल्जियममध्ये लूव्हँला सिल्व्हियान ग्रांजे यांनी १९९० पासून इंग्रजी शिकणाऱ्यांच्या लेखनाचा आणि पुढे १९९५ पासून बोलण्याचा साठा जमवला, तिथे प्रत्येक नमुन्याला माहितीचा कागद जोडलेला असतो. मातृभाषा कोणती, घरी काय बोलतात, इंग्रजी बोलणाऱ्या देशात किती राहिलात. आपल्या फॉर्मवर दोन प्रश्न वाढवा: घरी कोण कुठलं मराठी बोलतं, आणि भावंडं आपापसात कुठली भाषा बोलतात. दुसरा जास्त महत्त्वाचा. भावंडं डचमध्येच भांडतात.

---

मारियेके | रविवार, दुपारी १२:२०

नमस्कार सगळे,

मी सगळे मेल वाचते पण लिहित नाही, कारण मला भीती आहे सुधीरकाका लाल पेन घेऊन येतील.

माझी सासूबाई मला कधीच सांगत नाहीत मी काय चुकले. त्या हसतात आणि म्हणतात गोड बोलते. म्हणून मी खूप वर्ष "मला आवडतं आंबे" बोलत होते आणि कोणी काही बोलला नाही. मला पण रेकॉर्ड करा. माझ्या चुका आणि मुलांचे चुका वेगळे आहेत काय?

हा मेल दुरुस्त करू नका, तसाच ठेवा.

मारियेके

---

सुधीरकाका | रविवार, दुपारी १२:३१

मारियेके, लाल पेन तुझ्यासाठी नाही गं. "आंबे आवडतात" म्हणायचं. बाकी छान.

---

अनघा | रविवार, दुपारी १२:४०

काका!!

मारियेके, हो, वेगळ्या असतात. मुलांच्या कानावर मराठी पाळण्यापासून आहे, त्यामुळे उच्चार आणि समज चांगली, पण रूपं कच्ची. तुझं उलट. तू रूपं पुस्तकातून शिकलीस, पण "खातो" आणि "कातो" यांत तुझी ओढाताण होते, कारण डचमध्ये "क" आणि "ख" असा भेद नाही. तुला मुलांच्या वर्गात बसवलं तर दोघांचंही नुकसान. मोठ्यांच्या वर्गासाठी वेगळे नमुने घेऊच, पहिली फाइल तुझी.

---

वैशाली | रविवार, रात्री ९:४५

बैठक झाली. मोठा माईक मिळाला, आभार. (कोणाकडे होता ते सांगत नाही.)

चार ते नऊ या फाइल्स मंदारने आणि मी मूळ आवाजावरून पुन्हा ऐकल्या. एक मिनिट उतरवायला इतका वेळ लागतो की ज्यांनी आधी काम केलंय त्यांना दंडवत, काका धरून.

काय निघालं:

सामान्यरूप जवळजवळ सगळ्यांचं लंगडं. "शाळामध्ये", "घोडावर" असं. "झाडाला" मात्र बरोबर. आपल्या क्रमात हा धडा फार उशिरा येतो, त्याआधी आपण बाराखडी आणि फळं-फुलं-पक्षी यांतच असतो. आता तो पहिल्या महिन्यातच येईल, तक्ता न लावता, खेळातून. "घोडा, घोड्याला, घोड्यावर" असा पत्त्यांचा डाव शिल्पा करतेय.

आकड्यांत गंमत आहे. "पंचवीस" म्हणायला या पोरांना काहीच जड जात नाही, डचमध्येही आधी पाच आणि मग वीसच म्हणतात. पण एकोणतीसला तिघं "नववीस" म्हणाली. अठ्ठावीसनंतर काय येणार, सरळ हिशेब. आणि साडेसातला "अर्धा आठ". डच घड्याळ. याचं एक पान करतेय.

सगळ्यात अवघड गोष्ट अनघाने दाखवली. दोन फाइल्समध्ये एकही चूक नव्हती आणि मी खूश होते. ती म्हणाली, पुन्हा ऐक. दोघंही "हे बेडूक आहे. हे कुत्रा आहे. मग हे आहे" इतकंच बोलतात. (बेडूक पुल्लिंगी आहे हो, ठाऊक आहे, त्या चुका धरल्या नव्हत्या आम्ही, "हे"ने सगळंच झाकलं.) "जो मुलगा झाडावर चढला होता, तो" असलं वाक्य दोघं करतच नाहीत, मग चुकणार कुठे? जॅकलिन शॅक्टर या भाषातज्ज्ञांनी १९७४ साली हेच दाखवलं होतं म्हणे: इंग्रजी शिकणारे चिनी आणि जपानी विद्यार्थी असली जोडवाक्यं कमी चुकतात, कारण ती कमी वापरतात. अरबी आणि फारसी बोलणारे जास्त वापरायचे आणि जास्त चुकायचे. म्हणजे आपली जास्त चुकणारी पोरं कदाचित पुढे आहेत. हे पालकसभेत कसं सांगायचं ते बघावं लागेल.

ठरलेलं असं. प्रत्येक बोलण्याच्या दोन ओळी. वरची जशीच्या तशी. खालची म्हणजे मुलाला काय म्हणायचं असावं ती, प्रमाण मराठीत. नागपूर-कोल्हापूरची रूपं खालच्या ओळीत बदलायची नाहीत, फक्त बाजूला घरचं म्हणून खूण करायची. यासाठी एलान नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरणार, तेही नायमेखेनचंच. त्यात आवाजाखाली ओळी लावता येतात. मंदार बुधवारी संध्याकाळी दाखवेल, लॅपटॉप आणा.

फॉर्म नवा येतोय. जुन्या रेकॉर्डिंगसाठी पुन्हा सही लागेल, निखिल ऐकत नाही.

वैशाली

---

प्रशांत | रविवार, रात्री १०:०२

बुधवारी मॅच आहे.

---

सुधीरकाका | रविवार, रात्री १०:३०

वैशाली,

दोन ओळी मान्य. खालची ओळ मी तपासणार, सगळ्या फाइल्सची. "घरचं" ही खूण कशाला लावायची तेही मला विचारून लावा, नाहीतर उद्या प्रशांतची प्रत्येक चूक कोल्हापूरची ठरेल.

आणि नवव्या फाइलमध्ये दुसऱ्या मिनिटाला पोरगी "हं" म्हणते. तो होकाराचा "हं" आहे, विचार करतानाचा आहे, की तिला नाक शिंकरायचंय? खालच्या ओळीत काय लिहू?

सुधीर

---

मंदार | रविवार, रात्री १०:४१

खालची ओळ रिकामी सोडा, काका.