शिवणाचा जुना डबा बदलायचाय, कोणता घेऊ आणि कसा लावू?

पागोळी
आमच्याकडे शिवणाचा डबा म्हणजे बिस्किटांचा गोल, निळा पत्र्याचा डबा. मी शाळेत होते तेव्हापासून तोच आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या काठाला गंज धरला. परवा मुलाच्या पांढऱ्या शर्टाला बटण लावायला घेतलं, तर सुई ओढली तिथे तांबूस डाग पडला. धुतला तरी गेला नाही.

पण धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. आई 74 वर्षांची आहे, बोटांचे सांधे दुखतात. डब्याचं झाकण इतकं घट्ट बसतं की चमच्याने उचकटावं लागतं. साधा हूक लावायचा असला तरी मी ऑफिसातून येईपर्यंत ती थांबून राहते, हे मला आत्ता आत्ता कळलं. फार वाईट वाटलं.

आत रिळं, नाड्या, इलास्टिक, हुकांची पाकिटं, टिचबटणं, फॉलचे तुकडे, काही बॉबिन, कात्री, पहिले दोन आकडे पुसलेली मोजपट्टी आणि बटणांची एक काचेची बाटली. कामं नेहमीचीच: गणवेशांची दुरुस्ती, साड्यांना फॉल, उशांचे अभ्रे. घरी उषाचं पायमशीन आहे. कपाटात 36 सेंमी रुंद, 25 खोल आणि 20 उंच एवढी जागा आहे. हजार रुपयांपर्यंत खर्च करीन. पायऱ्यापायऱ्यांनी उघडणारी लाकडी पेटी पाहिली, फार आवडली. घेऊ का?

जास्वंद
पागोळी, डबा आत्ताच घेऊ नका. आधी हा रिकामा करा. जमिनीवर जुनी पांढरी चादर पसरा आणि सगळं त्यावर ओता. मी सासूबाईंचा डबा असा ओतला तेव्हा निम्म्या वस्तू वापरण्याच्या पलीकडे गेलेल्या निघाल्या. आधीच मोठी पेटी आणली असती तर तोच पसारा नीट रचून ठेवला असता.

रिळं तपासायची रीत अशी. हातभर दोरा काढून दोन्ही हातांनी ताणायचा. कट्कन तुटला तर पहिला वेढा उन्हाने खराब झाला असेल म्हणून चार-पाच वेढे काढून परत ताणायचा. तरीही तुटला तर रीळ बाजूला. जुना सुती दोरा दमटपणाने कुजतो. शिवताना कळत नाही, चार धुण्यांत शिवण उसवते. लाकडी रिळांवरचा दोरा गेला असला तरी रीळ टाकू नका, नवा दोरा गुंडाळता येतो. इलास्टिक ताणून सोडा. करकर वाजलं किंवा परत आखडलं नाही तर त्यातलं रबर मेलंय. हूक आणि टिचबटणांना चुंबक लावा. लोखंडी असतील ते चिकटतील, पितळी नाही. चिकटलेल्यांत थोडा जरी गंज दिसला तरी ठेवू नका, ब्लाउजवर डाग पाडतात.

शर्टाच्या डागाला लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग धुवा. एकदोनदा करावं लागेल. ब्लीच अजिबात लावू नका, त्याने गंजाचा डाग आणखी पक्का होतो. रंगीत कपड्यावर लिंबू वापरायच्या आधी आतल्या बाजूला लावून बघायचं.

देवगडकर
आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की पत्र्याच्या डब्यात सुई टिकतच नाही. माझं मत घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला. आत सिलिका जेलची पुडी टाकायची. नारिंगी दाण्यांची मिळाली तर बरी, ओल धरली की ते हिरवट होतात आणि सुकवायची वेळ कळते. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

सुया स्पंजमध्ये खोचायची सवय अनेकांना असते, ती मोडा. स्पंज पाणी धरून ठेवतो. लोकरीच्या जाड तुकड्यावर मशीनच्या तेलाचे दोन थेंब चोळायचे, एक दिवस मुरू द्यायचं आणि त्यात सुया खोचायच्या. आमची आजी टाचण्यांच्या उशीत धुतलेलं केसांचं गुंतवळ भरायची. लहानपणी किळस यायची, पण तिच्या टाचण्या वर्षानुवर्षं लखलखीत असायच्या.

डांबराच्या गोळ्या मात्र प्लास्टिकच्या डब्यात नकोत. माझा एक पारदर्शक डबा गोळीच्या जागी मऊ पडून चिकट झाला होता.

काजं_बटण
मी 22 वर्षं ब्लाउज शिवते. डब्याचं इतरांनी सांगितलंच आहे, मी आतल्या गोष्टींचं सांगते.

हाताच्या सुया आणि मशीनच्या सुया एकत्र ठेवू नका. त्यांचे नंबर उलटे चालतात. मशीनची सुई 11 नंबरची बारीक, 14 मध्यम, 16 आणि 18 जाड. हाताच्या सुईचा नंबर वाढेल तशी ती बारीक होते. नवीन मुली इथेच गोंधळतात. अभ्रे आणि गणवेशाला मशीनवर 14 चालेल, जीनच्या कापडाला 16 किंवा 18, तलम साडीला 11. मशीनची सुई साधारण 8 तास शिवलं की बदलावी. टोक बोथट झालं की कापडात 'टक् टक्' आवाज येतो, टाके सुटतात आणि आपण उगाच मशीनला दोष देत बसतो. गोधडी शिवत असाल तर दाभण वेगळं ठेवा, त्याने बाकीच्या सुयांचं पाकीट फाटतं.

ज्या रंगाचं रीळ त्याच रंगाचं बॉबिन त्याच्याशी बांधून ठेवा. रिळाच्या भोकातून जुन्या नाडीचा तुकडा ओवायचा, त्यातच बॉबिन अडकवायचं आणि गाठ मारायची. शोधाशोध संपते. दोरा घेताना कापडापेक्षा एक छटा गडद घ्यावा. रिळावर गडद दिसणारा दोरा एकेरी टाक्यात फिका दिसतो.

आणि कापडाची कात्री कागदाला लावायची नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कात्रीला लाल चिंधी बांधा. माझ्याकडे चिंधी बांधलेल्या कात्रीला पोरंही हात लावत नाहीत. मोजपट्टी ताबडतोब बदला. टोक झिजलेल्या पट्टीने घेतलेलं माप अर्ध्या सेंटीमीटरने चुकलं तर बाहीचं वाटोळं होतं.

नागपूरकर
मासेमारीच्या सामानाची पेटी बघा. आतले कप्पे सरकवता येतात, लहान-मोठे करता येतात. माझ्या बायकोने दोन वर्षांपूर्वी घेतली, अजून एक रीळ घरंगळलेलं नाही. आमच्याकडे सीताबर्डीत मिळाली.

जास्वंद
पेटी चांगली असते, पण त्या खटक्याच्या क्लिपा दुखऱ्या बोटांना उघडत नाहीत. हे काकूंसाठी घेतोय, ते विसरू नका. लाकडी पायऱ्यांच्या पेटीचंही तसंच. दिसते सुरेख, पण उघडायला दोन्ही हातांनी सारख्या जोराने ओढावं लागतं, भरली की जड होते आणि उघडल्यावर दुप्पट जागा खाते. तुमच्या फळीवर ती उघडणारच नाही, दर वेळी खाली उतरवावी लागेल. दुकानात गेलात तर काकूंना बरोबर न्या आणि झाकण त्यांनाच उघडायला लावा.

अबोली
माझं वय 71, म्हणून काकूंच्या बाजूने लिहिते. आम्हाला हातापेक्षा डोळ्यांचा त्रास जास्त. नेढ्यात दोरा ओवण्यातच जीव जातो. डोक्याला खाच असलेल्या सुया मिळतात. दोरा वरून खाचेत दाबला की नेढ्यात उतरतो. दोरा कधी कधी कातला जातो, पण बटणापुरत्या त्या छान. त्याहून सोपं म्हणजे रविवारी मुलीने किंवा नातवाने सहा सुया ओवून ठेवायच्या: तीन पांढऱ्या दोऱ्याच्या, तीन काळ्या. माझी नात ओवते, मी तिला खिसा शिवून देते.

आणि बाई, रोजच्या दुरुस्तीचं सामान मोठ्या पेटीत ठेवूच नका. एका लहान, सैल झाकणाच्या डब्यात ओवलेल्या सुया, लहान कात्री, थोडे हूक, टिचबटणं आणि पाचसहा सेफ्टीपिना. तो आईच्या उशाशी किंवा टीव्हीजवळ राहू द्या. डब्याचा तळ आतून पांढरा असावा. काळ्या तळावर सुई दिसत नाही आणि बोटाला टोचते.

पागोळी
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी आईला घेऊन जांभळी नाक्यावर गेले. तिने अकरा डबे उघडून-मिटून पाहिले, दुकानदारही समजूतदार निघाला. मोठ्या सामानासाठी दोन उथळ खणांची प्लास्टिकची पेटी घेतली, खण ओढला की बाहेर येतो, झाकणच नाही. रोजच्यासाठी पांढरा, चपटा डबा घेतला, बोटाने नुसतं उचललं की उघडतो. दोन्ही मिळून 640 रुपये.

चादरीवर सामान ओतलं तेव्हा 17 रिळांपैकी 6 गेली. चुंबकाने हुकांची तीन पाकिटं काढली. शर्टावरचा डाग लिंबाने दोन उन्हांत पुष्कळ फिका झाला आहे. चार बॉबिन आमच्या मशीनमध्ये बसतच नाहीत, बहुतेक मावशीच्या मशीनची आहेत, तिला विचारते. अबोलीताई, सहा सुया ओवून ठेवल्या. मंगळवारी मी घरी पोचायच्या आधी आईने स्वतःच्या परकराचा हूक लावलेला होता.

एक गोष्ट मात्र मला परत करावी लागली. बाटलीतली बटणं मी रंगांप्रमाणे मसाल्याच्या जुन्या डब्याच्या सात वाट्यांत लावली होती. आई दोन दिवस काही बोलली नाही, मग म्हणाली, "माझी गुंड्यांची बाटली कुठंय गं?" ती बाटली ताटात ओतते, बोट फिरवत बटण शोधते, आणि शोधता शोधता हे कुणाच्या फ्रॉकचं, ते बाबांच्या कोटाचं, असं सांगत जाते. बटणं परत बाटलीत भरली. मसाल्याच्या वाट्यांत आता हूक आणि टिचबटणं आहेत.

निळ्या डब्याचा काठ पॉलिश कागदाने घासून ठेवलाय. आत फॉलचे तुकडे आणि चिंध्या, सुई एकही नाही. देवगडकर, ती नारिंगी दाण्यांची पुडी ठाण्यात किंवा दादरला कुठे मिळेल?