उत्तेजनार्थ : तुम्हाला मिळालेली, हुकलेली आणि माळ्यावर पडलेली बक्षिसं

रसिका_डोंबिवली
आमची बिल्डिंग पुनर्विकासाला चाललीय. महिनाअखेर घर रिकामं करायचंय, म्हणून परवा माळा उपसला. बाबांची स्मृतिचिन्हं निघाली, मोजून ३४. बाबा ३१ वर्षं शाळेत मास्तर. त्यामुळे कुठे परीक्षक, कुठे प्रमुख पाहुणे, कुठे नुसतेच 'उपस्थित मान्यवर'. भंगारवाल्याला बोलावलं. त्याने एकेक उचललं, नखाने टोकरलं आणि बाजूला ठेवलं. "ताई, हे नाय चालत. आतून भुसा, वरून प्लास्टिक. काचेचं न्यायचे तर मीच पैसे घेईन." ३४ मान्यवरांपैकी एकालाही भंगारात जागा मिळाली नाही!

मग स्टील मोजायला घेतलं. त्यात आमचा चहा पावडरचा डबा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं : 'वक्तृत्व स्पर्धा, ५ वी ते ७ वी गट, उत्तेजनार्थ, १९९१'. माझाच. विषय अर्थातच लोकमान्य टिळक. "मी शेंगा खाल्ल्या नाहीत" इथपर्यंत ठणठणीत बोलले आणि टरफलांशी जे अडकले ते अडकलेच. स्पर्धक पाच होतो, तीन नंबर आणि दोन उत्तेजनार्थ, म्हणजे कुणीच रिकाम्या हाताने गेलं नाही, हे मला बरंच उशिरा कळलं. घरी येऊन मी रडले. बाबा काही बोलले नाहीत, डबा आईला दिला आणि म्हणाले, "यात चहा ठेव." मला तेव्हा फार राग आला होता. माझं बक्षीस, आणि त्यात चहा?

तर डबा परत घेतला. भंगारवाल्याने वजनातून तेवढे ग्रॅम इमानदारीत वजा केले.

तुमचंही लिहा. मिळालेलं, न मिळालेलं, दुसऱ्याचं ढापलेलं, सगळं चालेल.

बंड्या८४
टरफलं!! आमच्याकडे एका वर्षी सात टिळक आणि चार सावरकर होते. परीक्षक पाचव्या टिळकाला झोपले. जो खोकला तो पहिला आला.
बाकी, बिल्डर भाडं किती देतोय?

नलूमावशी
गॅसवर दूध आहे, पटकन लिहिते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाण्यात मला पैठणी लागली. सगळ्या जणी हात लावून बघतायत, मी ताठ. घरी आणल्यावर माझ्या जावेने पदर उलटा केला. ती येवल्याची. हातमागाची पैठणी असली की पदरावरचे मोर दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, मागे धागे लोंबत नाहीत. माझे मोर उलट्या बाजूने केस विंचरायचे राहिल्यासारखे. जाऊ म्हणाली, "वहिनी, नेसा तुम्ही बिनधास्त, लोक उलटून थोडेच बघणारेत?" १४ वर्षं नेसतेय. आता तिची उशीची खोळ क

नलूमावशी
दूध गेलंच उतू.

साताऱ्याचा_गडी
बक्षिसाचं म्हणाल तर आमच्याकडं पैलवान खाशाबा जाधवांचं नाव निघाल्याबिगर विषय संपत नाही. कराडजवळचं गोळेश्वर, आमच्यापासून हाकेवर. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. पठ्ठ्यानं कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक थेट १९९६ ला, पेसचं. मधली ४४ वर्षं मोजा. गावानं बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली. आणि सरकारी पुरस्कार? १९८४ ला माणूस अपघातात गेला, अर्जुन पुरस्कार आला त्याच्यानंतर कितीतरी वर्षांनी. आमचे आजोबा म्हणायचे, खाशाबांचा पुरस्कार बैलगाड्यातच देऊन झाला होता, बाकीचं नुसतं टपाल.

आता माझं. जत्रेत पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. मी आठ वर्षांचा, समोरचा माझ्यापेक्षा बारका. पहिल्याच झटक्यात मला आसमान. पण पंच चुलत्याचा दोस्त होता, त्यानं दोघांच्याबी ओंजळीत रेवड्या टाकल्या. तो पोरगा माझ्याकडं असा बघत होता की त्या रेवड्या मला गिळवंनात. शेवटी त्यालाच दिल्या. त्यानं घेतल्या पण बोलला नाही. आता तो आमच्याच गावचा सरपंच आहे, अजून आठवण काढतो, पण "रेवड्या मी जिंकल्या होत्या" असंच सांगतो.

एक_मास्तर
रसिकाताई, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. मीही त्याच जातकुळीतला.
आदर्श शिक्षक पुरस्कार हा मिळत नसतो, मागायचा असतो, हे बाहेरच्या लोकांना ठाऊक नसतं. प्रस्ताव करावा लागतो. स्वतःच, स्वतःबद्दल, तृतीयपुरुषी. "सदर शिक्षक हे मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय व उपक्रमशील असून त्यांचे अध्यापन परिणामकारक आहे." हे वाक्य मी रात्री साडेअकराला माझ्याबद्दल लिहिलं आणि आरशात बघायची लाज वाटली. कात्रणं, छायाचित्रं, दाखले, गावकऱ्यांची शिफारसपत्रं (तीही मीच लिहिलेली, सह्या फक्त त्यांच्या). एकूण ११२ पानं, स्पायरल बाइंडिंग.

वृक्षारोपणाचा फोटो हवा होता. पहिल्यांदा लावलं तेव्हा ऊन तोंडावर होतं. दुसऱ्यांदा फलकावरचं सन चुकलं. तिसऱ्यांदा जमलं. एकच रोप, दोनदा उपटून तीनदा लावलं, आणि त्या दोन दिवसांत चौथीचा भागाकार मागे पडला तो दिवाळीपर्यंत. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आता राहू द्या, त्याला दुखत असंल."
फाइल पुढच्या वर्षी परत आली. मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल. पुरस्कार नाही. ते रोप मात्र जगलं, बकुळ आहे.

रसिका_डोंबिवली
मास्तर, बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माझी फाइल ९० पानांचीच होती, म्हणून नसेल मिळाला." आम्हाला आजवर पत्ताच नव्हता की त्यांनीही प्रस्ताव केला होता!
बंड्या, भाड्याचा हा धागा नाही.

डॉक्टरीणबाई
ओपीडी संपवून लिहितेय. आमच्या उपकेंद्रातल्या आशाताईंना २०२० मध्ये ११ 'कोरोना योद्धा' सन्मानपत्रं आली. सगळी मोबाइलवर, पीडीएफ. कुणा नगरसेवकाची, कुणा मंडळाची, एक तर पापडवाल्याचं. ताई सर्वेक्षणाचे फोटो पाठवायला गेली तर मेमरी फुल. तिने काय केलं असेल? योद्धे डिलीट. तिने मागितलं होतं काय, तर बरे मास्क, हातमोजे आणि थकलेला मोबदला. पुढच्या वर्षी जूनमध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या. त्यात ही पुढे. मला म्हणाली, "मॅडम, टाळ्या वाजवून झाल्या, आता पोटाचं बघा म्हणावं."
मला स्वतःला कॉलेजात रांगोळीत दुसरा आला होता. तेव्हापासून रांगोळी काढलेली नाही.

चिंचवडकर
कबुलीजबाब देतो, हसू नका. निवृत्त झालो त्याच वर्षी फोन आला, "सर, आपली राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झालीय." माझी? मी बँकेत कॅशियर. नोंदणी शुल्क ३,५००, त्यात फेटा, शाल, मानचिन्ह आणि दोन माणसांचं जेवण. बायकोला विचारलं. ती हिशेबी. म्हणाली, फेटा-शाल धरून ताट कितीला पडतं ते आधी बघा.
गेलो. तासाभरात ६० च्या वर पुरस्कारार्थी. रांगेत चालायचं, हातात घ्यायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, पुढे. घरी येऊन मानचिन्ह वाचलं तर वर भलत्याचंच नाव, खाली 'युवा उद्योगरत्न'. माझं त्या युवकाकडे गेलं असणार. आयोजकांना फोन लावला, लागला नाही. आजही टीव्हीखाली तेच आहे. पाहुणे विचारतात, हे कोण? मी म्हणतो, भाचा.
जेवण बरं होतं. गुलाबजाम होते.

अवि_न्यूजर्सी
इथे उलटा प्रॉब्लेम. माझ्या मुलीकडे सॉकरच्या नऊ ट्रॉफ्या आहेत आणि तिची टीम एकही मॅच जिंकलेली नाही. आलात, पळालात, घ्या ट्रॉफी. मंडळाच्या गणपतीत चित्रकला ठेवली तर एका बाईंनी विचारलं, नंबर कशाला काढता, मुलांना वाईट वाटतं. मी म्हटलं आमच्या वेळी वाईट वाटण्यासाठीच स्पर्धा असायची.
मुलीला 'उत्तेजनार्थ' समजावताना घाम फुटला. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे हरलात, पण डबा मिळाला?" बरोबर आहे.

पेठेतला_जुना
अवि, याच्या दुसऱ्या टोकाला पुरुषोत्तम करंडक, कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून भरवतंय. २०२२ ला परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, त्या दर्जाची एकांकिका नाही म्हणाले. केवढा गदारोळ! मला पटलं होतं. जे नाकारता येतं तेच देण्यात अर्थ. आमचं कॉलेज तर अंतिम फेरीत कधी गेलंच नाही. महिनाभर तालमी, वडापाववर दिवस, आणि भरत नाट्यच्या बाहेर "अरे आवाज कुणाचा" ओरडून बसलेला घसा. निकालात नाव नाही. लाइटवाला मित्र नदीकाठी बसून ढसाढसा रडला. आता तो मोठ्या नाटकांचे लाइट करतो, म्हणजे करंडकाने काही त्याचं अडलं नाही.

डॉक्टरीणबाई
नाही पटलं. महिना-दोन महिने मुलं राबली, त्यांच्यातलं सर्वांत चांगलं कुणाचं एवढं सांगायलाही तुम्ही तयार नाही? पहिला नंबर हा त्या वर्षातला पहिला. मागच्या साठ वर्षांशी मोजणी कशाला?

पेठेतला_जुना
डॉक्टर, मग करंडक कशाला, डबा द्या.

डॉक्टरीणबाई
डबा निदान वापरतात.

म्हापसेकर
गोव्यातून. आमच्याकडे कला अकादमीची भजनी स्पर्धा म्हणजे गावच्या इज्जतीचा प्रश्न. आमचं पथक एका वर्षी तालुक्यातून वर गेलं. पखवाजवाला लग्नाला गेलेला, त्याला मांडवातून उचलून आणला, कपाळावर अक्षता तशाच. तिसरे आलो. पैसे आले, ते आम्ही सगळे, टेंपो आणि हार्मोनियमची दुरुस्ती यांत वाटून उरले ते देवळाला समईसाठी दिले. समईवर पथकाचं नाव घालायचं ठरलं. तिथे भांडण लागलं, कुणाचं नाव आधी. चार महिने तालीम बंद. शेवटी भटजी म्हणाले, नाव नको, वात घाला. बिननावाची समई आहे ती, पण गावात प्रत्येक जण पाहुण्याला सांगतो, ही आमची.

वऱ्हाडची_पोर
तान्हा पोळा कुणी लिहिलाच नाही! विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल सजवून नेतात, छान सजवला त्याला बक्षीस. मोठ्या घरच्या पोरांचे बैल त्यांच्यापेक्षा उंच, चाकं लावलेले, ओढायला गडीमाणूस. माझा बैल आजोबांच्या वेळचा, एक कान तुटका. आईने कानाच्या जागी झेंडूचं फूल बांधलं. परीक्षक काकूंनी विचारलं, एकाच कानात फूल का गं? मी म्हटलं, याला एकाच कानानं ऐकू येते. उत्तेजनार्थ मिळालं जी! प्लास्टिकचा डबा, निळा. बोजारा (बैल घेऊन घरोघरी गेलं की मिळणारे पैसे) वेगळा. दुसऱ्या वर्षी मोहल्ल्यातल्या अर्ध्या पोरांनी एकाच कानात फूल बांधून आणलं.

बंड्या८४
एका कानाचा बैल = आजची विजेती. माझ्याकडून डबा.

नलूमावशी
रसिका, जुन्या स्टीलच्या डब्याला चहाचा वास बसला असेल तर चिंच आणि राख. लिक्विडने जात नाही. आणि त्या ३४ चं काय केलंस ते सांग.

रसिका_डोंबिवली
वास नको काढायला मावशी, राहू दे.
३४ चं सांगते. वॉचमनच्या मुलाने मागून नेली. पार्किंगमध्ये पोरांनी बिल्डिंगची शेवटची अंडरआर्म स्पर्धा भरवली, बाबांच्या नावावर कागद चिकटवून वर स्केचपेनने 'मॅन ऑफ द मॅच', 'बेस्ट कॅच', 'बेस्ट अंपायर'. एक 'सर्वांत जास्त वेळा बॉल आणला' हेही होतं, ते पहिलीतल्या पोराला. काल संध्याकाळी बक्षीस समारंभ, प्रमुख पाहुणे बाबा. इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले, २० मिनिटं बोलले, टिळकांपर्यंत गेले, पोरांनी जांभया दिल्या. शेवटी पाहुण्यांचा सत्कार म्हणून पोरांनी त्यांना एक स्मृतिचिन्ह दिलं. त्यांचंच. वर कागदावर 'चीफ गेस्ट आजोबा'.
म्हणजे एक परत घरात आलं. आणि आता टाकायला माळाही नाही.

बंड्या८४
वा. आजोबांना नमस्कार.
पण भाडं किती?