मदत हवी आहे: पिशवीत बांधून टाकलेली मांजरीची पिल्लं, आणि आई खाली ओरडत फिरते आहे

पाऊलवाट, मंगळवार, रात्री ८.४०

ज्यांनी आईविना मांजरीची पिल्लं वाढवली आहेत त्यांनी कृपया लगेच लिहा. मी कधी मांजर पाळलेलं नाही.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. आज सातच्या सुमारास स्टेशनवरून येताना सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी, जिथे लोक नारळाच्या झावळ्या आणि फाटक्या गाद्या टाकतात, तिथून बारीक चिरचिर ऐकू आली. पक्ष्याचं पिल्लू पडलं असेल असं वाटलं. बघते तर तांदळाची १० किलोची पिशवी, तोंडाला सुतळीची दुहेरी गाठ. पावसाने भिजून गाठ आवळलेली, सुटेना. शेवटी किल्लीने पिशवी फाडली. आत चार पिल्लं होती. एक गेलेलं होतं. तीन जिवंत आहेत, दोन करडी पट्ट्यापट्ट्यांची आणि एक काळं.

घरी आणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. २०५, १९० आणि काळं १६० ग्रॅम. करड्यांचे डोळे नाकाकडच्या कोपऱ्यात जेमतेम फटीएवढे उघडलेत, काळ्याचे पूर्ण बंद. नाळ गळून पडली आहे. करडी दोघं मान वर करून ओरडतात. काळं ओरडतही नाही. त्याच्या तोंडात करंगळीचं टोक घातलं तर आतून गार लागलं, आणि ते चोखत नाही. पोटावरच्या विरळ केसांतून पिसवा पळताना दिसतात.

सध्या जुन्या सुती साडीत गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवली आहेत. आई म्हणते, गावाला गाईच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्याने पाजायचे, तसं पाज. दूध कोमट करून ठेवलंय, पण इथे विचारल्याशिवाय द्यायचा धीर होत नाही.

आणखी एक. आमच्या बी विंगच्या मीटररूममध्ये एक करडी भाटी व्यायली होती, असं वॉचमनकाका सांगतात. ती आज दुपारपासून पार्किंगमध्ये ओरडत फिरते आहे. म्हणजे ती खायला गेलेली असताना कुणीतरी पिल्लं उचलली. आता त्यांना माझ्या हाताचा वास लागलाय. ती परत घेईल का? की मीच वाढवायची? माझी नोकरी आहे, दिवसभर घरी फक्त आई असते आणि तिचे गुडघे दुखतात.

मांजरवेडी, ८.५२

दूध अजिबात देऊ नका! आधी ऊब, मग पोट. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, ते पोटात नुसतं पडून राहतं. आणि जे चोखत नाही त्याच्या तोंडात ओतलं तर सरळ फुप्फुसात जातं.

प्लास्टिकच्या बाटलीत हाताला सोसवेल इतकं गरम पाणी भरा, टॉवेलात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी हवी, म्हणजे जास्त उकडलं तर पिल्लं सरकतील. तीन आठवड्यांची होईपर्यंत त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. काळ्याला तुमच्या कपड्यांच्या आत छातीशी धरून बसा. तास लागला तरी लागू दे. तोंड आतून कोमट लागायला लागलं आणि बोट चोखलं की मगच पाजायचं.

गाईचं दूध या वयात नको. हगवण लागते, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी बघता बघता जातं. मोठ्या पेट शॉपमध्ये मांजरीच्या पिल्लांसाठी दूध पावडर मिळते, 'किटन मिल्क रिप्लेसर' म्हणून मागा. वजनाच्या दर १०० ग्रॅमला दिवसाचं साधारण २० मिली, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. सुई काढलेली छोटी सिरिंज चालेल. पिल्लू पोटावर ठेवून, डोकं किंचित वर करून पाजा. आपल्या बाळाला मांडीवर घेतो तसं उताणं कधीही नाही. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ढुंगणाशी हलक्या हाताने चोळायचं. ती आईने चाटल्याशिवाय शी-शू करत नाहीत, अजून दहा-बारा दिवस तरी ते काम तुमचं.

डोळे उघडायला लागलेत म्हणजे आठ-दहा दिवसांची आहेत.

कोवळंऊन, ९.०५

वरचं सगळं बरोबर आहे, पण मूळ मुद्दा आईचा आहे. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लांना टाकते, हे खरं नाही. मी स्वतः दोनदा हातात घेतलेली पिल्लं परत नेऊन ठेवली आहेत, दोन्ही वेळा तिने घेतली. ती ओरडत फिरते आहे म्हणजे तिचे सड दुधाने भरलेत आणि ती शोधते आहे. आजची रात्र फार मोलाची आहे. तुम्ही कितीही जीव लावलात तरी तिच्या दुधाची आणि जिभेची बरोबरी होणार नाही.

पिल्लं ऊबदार झाली की खोकं जिथे ती व्यायली त्याच्या जवळ, पण पावसाचा शिंतोडा येणार नाही आणि कुत्री पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. आत गरम बाटली हवीच. पिल्लांच्या ओरडण्याचं फोनवर रेकॉर्डिंग करून ते खोक्याजवळ वाजवा. तुम्ही मात्र लांब, तिला दिसणार नाही असं बसा. माणूस जवळ असेल तर ती येणार नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाने बाटली बदला, पिल्लं परत गार पडता कामा नयेत.

गुरांचाडॉक्टर, ९.३०

मी पशुवैद्य आहे. घाईत काही चुका होतात म्हणून लिहितो.

पिसवांसाठी कुत्र्याची पावडर किंवा स्पॉटऑन (मानेवर टाकायचे थेंब) वापरू नका. त्यात बहुधा परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजरांना विषारी आहे. डेटॉल, फिनाईलचं पाणी नको, त्यातली फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. पिल्लू कण्हतंय म्हणून क्रोसिनचा थेंबही नाही. त्यातल्या पॅरासिटामॉलने मोठी मांजरंसुद्धा मरतात. आज रात्री बारीक दातांच्या फणीने पिसवा काढा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. अंघोळ घालायचीच झाली तर पिल्लं पूर्ण गरम असताना, कोमट पाण्याने, दोन मिनिटांत आटपून लगेच कोरडी करा.

काळ्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक. पांढुरक्या असतील तर पिसवांनी रक्त प्यालंय, उद्या सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. जवळ कुणी मिळालं नाही तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे.

पिशवी फाडताना किंवा पकडताना कुठे नख-दात लागला असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लसीचं विचारा. आईला हाताळताना तर जास्तच जपा, पिल्लांसाठी ती कुणालाही ओरबाडेल.

पाऊलवाट, ११.५०

तुम्हा तिघांचे किती आभार मानू. दूध सिंकमध्ये ओतलं. काळं माझ्या कुर्त्याच्या आत दोन तास होतं. आधी ओल्या फडक्यासारखं लागत होतं, मग कधीतरी गळ्यापाशी हललं आणि बोट चोखायला लागलं. हिरड्या फिकट आहेत, पण पांढऱ्या नाहीत. पावडर एका दुकानदाराने शटर अर्धं उघडून दिली. काळ्याने २ मिली घेतलं, करड्यांनी ४-४.

सेक्रेटरींनी मीटररूमजवळ खोकं ठेवायला नाही म्हटलं, तक्रारी येतात म्हणाले. मी तिथेच जिन्यात रडकुंडीला आले होते. तळमजल्यावरच्या आजींनी दार उघडून विचारलं काय झालं. सगळं ऐकून म्हणाल्या, "मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. त्यातलं एक माझं समज. ठेव मागच्या गॅलरीत." गॅलरीला जाळी आहे, खालची एक पट्टी तुटलेली, तिथून मांजर आत येऊ शकते. खोकं तिथे ठेवलंय. मी आजींच्या आतल्या खोलीत, दिवा बंद करून बसले आहे.

पाऊलवाट, बुधवार, पहाटे ३.२०

आली!

दीडच्या सुमारास जाळीशी आली, रेकॉर्डिंग ऐकून थबकली, परत गेली. असं चार वेळा झालं. मग आत आली आणि खोक्याभोवती फिरत राहिली. एका करड्याचा वास घेऊन त्याच्यावर फिसकारली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण लगेच खाली वाकून त्याच पिल्लाला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटायला लागली, इतकं जोरात की ते कलंडलं. मग आत शिरून कुशीवर आडवी झाली. तिच्या पोटावरचे केस दुधाने ओले होऊन चिकटले होते. दोन्ही करडी लगेच लागली. काळं खाली दबलंय, त्याला जागा मिळत नाही. आता काय करू? हात घालू का?

मांजरवेडी, पहाटे ३.४१

आत्ता नको, तिला स्थिरावू दे. सकाळी ती खायला उठली की काळ्याला काढून वजन करा. दूध कमी पडत असेल तर तुम्ही वरून पाजा आणि परत तिच्याकडेच ठेवा. रोज एकाच वेळी वजन करायचं. दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. एक दिवस अडकलं तर जास्त पाजा, घटलं तर डॉक्टर.

कायदेकानू, बुधवार, सकाळी १०.१५

पिल्लं सुखरूप हाती लागली हे वाचून बरं वाटलं. आता दुसरी बाजू. जनावराला उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. त्यातला दंड अगदीच किरकोळ आहे, हे दुर्दैव. पण इथे एक पिल्लू मेलं आहे. जनावर मारणं किंवा जायबंदी करणं यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पिशवी आणि सुतळी टाकू नका, फोटो काढून ठेवा. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं मंगळवारचं चित्रण राखून ठेवा म्हणून कमिटीला आजच लेखी द्या, बऱ्याच ठिकाणी जुनं आपोआप पुसलं जातं. आणि पुरावा हातात येईपर्यंत कुणावर नाव घेऊन आरोप करू नका.

पाऊलवाट, रविवार, दुपारी १.००

उशीर झाला, माफ करा. करडी आता २५२ आणि २४१. काळं बुधवारी १५८, गुरुवारी १५९, शुक्रवारी १६५, आज १८१. अजून दिवसातून सहा वेळा मी आणि आई वरून पाजतो. आई खुर्चीत बसून पाजते, तिने मोजायला वहीत रकाने आखलेत. काल काळ्याचा डावा डोळा उघडला. उजवा पिवळ्या घाणीने चिकटला होता, डॉक्टरांनी उकळून कोमट केलेल्या पाण्याने पुसायला सांगितलं आणि थेंब दिले. पिसवा जवळजवळ गेल्या.

कमिटीला पत्र दिलं, पोच घेतली. चित्रण अजून दाखवलेलं नाही. दोन घरांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे. आजींनी मात्र काल त्यातल्या एकांना जिन्यात थांबवून सांगितलं, की मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं असं आमच्यात म्हणायचे, आणि इथे तर कोवळी पिल्लं होती.

आता पुढची मदत हवी आहे. वॉचमनकाका म्हणतात ही भाटी वर्षात दोन-तीनदा विते. पिल्लं मोठी होईपर्यंत गॅलरी आहे, पण ती पुन्हा मीटररूममध्ये व्यायली तर हेच पुन्हा होईल. अंगावर पाजताना नसबंदीचं ऑपरेशन करता येतं का? आणि ती मला हात लावू देत नाही, न्यायची कशी?

गुरांचाडॉक्टर, रविवार, २.१०

पाजत असतानाही ती परत गाभण राहू शकते, त्यामुळे बेफिकीर राहू नका. पिल्लं चार आठवड्यांची झाली की मऊ ओलं खाणं सुरू करा. आठ आठवड्यांची होऊन अंगावरची सुटली आणि तिचं दूध आटलं की लगेच ऑपरेशन. डॉक्टरांना कानाचं टोक किंचित कापायला सांगा, म्हणजे ऑपरेशन झालंय हे कळेल आणि तिला पुन्हा कुणी पकडणार नाही. जंतांचं औषध मात्र आईला आणि पिल्लांना आत्ताच विचारून घ्या. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत.

कोवळंऊन, रविवार, २.३५

हाताने पकडायला जाऊ नका. माझ्याकडे दार आपोआप पडणारा पिंजरा आहे, मी ठाण्याला राहते. शनिवारी आणून देते. तोवर रोज ठरलेल्या वेळी, गॅलरीत एकाच कोपऱ्यात तिला खायला घाला, म्हणजे पुढे पिंजरा तिथेच मांडता येईल. तळाशी घालायला एखादी जुनी चादर काढून ठेवा. काळ्यासाठी छोटी निपल बाटलीपण आणते, सिरिंजपेक्षा तिने चांगलं चोखेल.

पाऊलवाट, रविवार, २.४०

चादर काढली. आजी विचारतायत, तुम्ही जेवायलाच येणार ना.