नवीन एलईडी लावल्यापासून लेदर कोरल मिटून बसलंय, उजेड किती कमी करू?

दांडियाबाजार_खारंपाणी (वडोदरा):
नमस्कार. माझा ३ फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, सगळी मऊ कोरलंच (प्रवाळ): एक टोडस्टूल लेदर, लाल मशरूम आणि पुढच्या दगडावर झोआ, म्हणजे बटणांसारखी छोटी कोरलं. झोआ मी ४ पॉलिपांपासून (फुलासारख्या एकेका तोंडापासून) वाढवलेत, आता साठाच्या वर आहेत, म्हणून जीव जास्तच तुटतोय.

टी-फाइव्ह ट्यूब दीड वर्ष बदलल्या नव्हत्या. रविवारी त्या काढून एलईडी लावला. दुकानदाराने सांगितलं म्हणून ७० टक्क्यांवर, रोज १० तास. मंगळवारी झोआ मिटले. बुधवारी लेदरवर मेणासारखी चकाकी आली. आज टॉर्च मारून पाहिलं तर सगळ्यात वरच्या मशरूमची कड कागदासारखी फिकी पडलीय, आणि कपारीतली दोन मात्र जशीच्या तशी लाल. खारेपणा १.०२५, तापमान २७. आई म्हणते, वैशाखात मोगऱ्यावर आपण कापड बांधतो तसं बांध की! खरंच बांधू? की जुन्या ट्यूब परत लावू? दुकानदार तर म्हणतो, या लाइटखाली आता ॲक्रोपोराही (प्रवाळभित्ती बांधणारं कठीण कोरल) ठेवता येईल.

कारेलीबाग_रीफ:
ताई, आईंचंच ऐका. ट्यूब परत नकोत. जुन्या ट्यूबचा उजेड रोज जरा जरा उतरत जातो, त्यामुळे आपल्याला कळत नाही. कोरलं त्या अंधुक उजेडाला सरावली होती, त्यांच्यावर एकदम दुपारचं ऊन आलं. त्यांच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, त्याच्याच कमाईवर कोरल जगतं. पेलवेल त्यापेक्षा जास्त उजेड पडला की त्या शेवाळातून घातक ऑक्सिजन तयार होतो, आणि कोरल शेवाळालाच बाहेर काढतं. कड फिकी पडली ती त्यामुळे. मांस अजून जिवंत आहे.

आजच ३० टक्क्यांवर आणा, ६ तास. टँकच्या तोंडावर डासांच्या जाळीचे तीन थर ताणा, लाइटच्या पंख्यावर मात्र नको, तो तापेल. दर आठवड्याला एक थर काढा. जाळी संपली की मग आठवड्याला ५ टक्के वाढवा. झोआ पुन्हा मिटले तर एक पायरी मागे या. निळा उजेड डोळ्याला मंद दिसतो, पण कोरलं तोच जास्त वापरतात, तेव्हा 'फार उजेड वाटत नाही' यावर जाऊ नका. मशरूमचा दगड खाली सरकवा, बाकी काही हलवू नका.

लेदरची चकाकी वेगळी. ते कात टाकतंय. पापुद्रा सुटायला पाण्याचा प्रवाह थोडा त्याच्याकडे वळवा.

मांजलपूर_टँक:
२७ सकाळचे की दुपारी ३ चे? मे महिन्यात आपल्याकडे वीज गेली की टँक तासाभरात तापायला लागतो. उष्णता आणि प्रखर उजेड एकत्र आले की कोरल फार लवकर पांढरं पडतं. माझी सगळी मशरूम एका मे महिन्यात अशीच गेली. सम्पवर (टँकखालच्या गाळणीच्या टाकीवर) पंखा लावा. आणि या पंधरवड्यात गाळणीत पाणी स्वच्छ करणारा नवा कार्बन टाकू नका, पाणी नितळ झालं की उजेड आणखी खोल जातो.

नरारा_प्रेमी:
ॲक्रोपोराचं मनातून काढा, ताई. प्रवाळभित्ती बांधणारी कोरलं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. बघायचीच असतील तर जामनगरजवळ नराऱ्याला ओहोटीच्या वेळी जा. घोटाभर गढूळ पाण्यात ती जिवंत दिसतात. मी तिथे तासभर एकाच दगडापाशी बसलो होतो.

दांडियाबाजार_खारंपाणी:
पाच आठवडे झाले. जाळी गेली, लाइट ४० वर. दुपारी ३ ला तापमान २९ निघालं होतं, पंख्याने २६.५ वर आलं. लेदरचा पापुद्रा नवव्या दिवशी सुटला, प्रवाहात धाग्यासारखा लोंबत होता. दहाव्या दिवशी पॉलिप बाहेर. झोआ सगळे उघडलेत. वरच्या मशरूमची कड अजून फिकीच आहे, पण काल आईने भिंग लावून पाहिलं, तर पांढऱ्यात तपकिरी ठिपके आलेत. ११ मोजले तिने.